'अ‍ॅजाइल' कार्यपद्धती : घाई नव्हे, लवचीकता

आपल्या घरांतील अनेक तरुण-तरुणी आज संगणक क्षेत्रात नोकरी करीत आहेत. 'स्प्रिंट', 'स्क्रम' हे शब्द त्यांच्या तोंडी सतत असतात. ज्या 'अ‍ॅजाइल' कार्यपद्धतीतून हे शब्द आले, ती नेमकी काय आहे?

पूर्वी मोठी संगणकप्रणाली घर बांधावे तशी बांधली जाई. आधी संपूर्ण आराखडा, मग बांधणी आणि अखेरीस तपासणी. वापरणाऱ्याच्या हाती ती शेवटीच पडे. परंतु आपली खरी गरज माणसाला बहुधा वस्तू वापरू लागल्यावरच उमगते. तोवर वेळ आणि पैसा दोन्ही खर्ची पडलेले असतात.

अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने याची मोठी किंमत मोजली. तपासाच्या कागदी नस्ती संगणकावर आणण्याचा तिचा प्रकल्प सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ साली सोडून द्यावा लागला. २००६ साली 'सेंटिनल' हा नवा प्रकल्प सुरू झाला. तोही जुन्याच रीतीने चालला व रखडला. २०१० साली एफबीआयने काम स्वतःकडे घेतले, अ‍ॅजाइल पद्धत स्वीकारली आणि दोन-दोन आठवड्यांचे टप्पे आखले. जुलै २०१२ मध्ये ही प्रणाली कार्यान्वित झाली.

या पद्धतीचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात सतरा तज्ज्ञांनी तयार केला. त्याचा आशय असा : साधनांपेक्षा माणसे व त्यांचा संवाद मोलाचा, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारी वस्तू महत्त्वाची, करारावरील घासाघिशीपेक्षा ग्राहकाचे सहकार्य हिताचे, आणि ठरलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणे श्रेयस्कर. योजना वा कागदपत्रे नकोत, असे मात्र त्यात म्हटलेले नाही.

व्यवहारात एक लहान गट दोन ते चार आठवड्यांचे काम हाती घेतो. त्यालाच 'स्प्रिंट' म्हणतात. गट रोज पंधरा मिनिटे एकत्र येऊन अडचणी मांडतो. टप्प्याअखेरीस तयार भाग ग्राहकाला दाखवला जातो आणि त्याच्या अभिप्रायावरून पुढील काम ठरते. चूक होते, पण ती लवकर ध्यानी येते व स्वस्तात सुधारता येते.

आता ही रीत संगणक क्षेत्रापुरती राहिलेली नाही. नेदरलँड्समधील आयएनजी बँकेने २०१५ साली आपल्या मुख्यालयाची फेररचना याच तत्त्वावर केली.

तथापि, नुसती नावे बदलून काही साधत नाही. निर्णय वरिष्ठांच्याच हाती राहिले आणि रोजची बैठक हजेरी घेण्यासाठी वापरली गेली, तर 'स्प्रिंट' म्हणजे दर पंधरवड्याला नवा धाक ठरतो. वास्तविक, कामाचा वेग सर्वांना दीर्घकाळ झेपेल असाच असावा, हे जाहीरनाम्यासोबतच्या बारा तत्त्वांपैकी एक आहे. अडचण निर्भयपणे सांगता येईल असा विश्वास हाच या पद्धतीचा पाया होय. ज्या संस्थेत तो नाही, तिने आधी तो निर्माण करावा. स्प्रिंटची आखणी त्यानंतर.