तिसरा, दुसरा, पहिला

२६ सप्टेंबर २०१५. ग्रीसमधल्या स्पार्टा गावात शनिवार उजाडायचा होता. सकाळचे सहा वाजून सतरा मिनिटं झाली होती आणि सूर्य अजून क्षितिजाखालीच होता. राजा लिओनिदासच्या पुतळ्यापाशी फ्लोरियान रॉयस नावाचा जर्मन धावपटू पोहोचला, तेव्हा तो आदल्या दिवशी सकाळी सातपासून पायांवर होता. निघाला होता अथेन्समधल्या अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्यापासून. अंतर २४६ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पुण्याहून सोलापूर. वेळ लागला २३ तास १७ मिनिटं ३१ सेकंद. त्या वर्षीच्या स्पार्टाथलॉनचा तो विजेता होता.

एवढीच ओळ वाचली, तर एका रात्रीत घडलेला पराक्रम वाटेल. पण मागची दोन वर्षं चाळली की वेगळंच चित्र दिसतं. २०१३ साली याच शर्यतीत रॉयस तिसरा आला होता. २०१४ साली दुसरा. एकाच वाटेवर तीन वर्षं ओळीनं परत यायचं आणि दरवेळी एकेक पायरी वर चढायची, ही त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात लोभस गोष्ट आहे. आणि या खेळात ती फार अवघडही आहे, कारण इथे गेल्या वर्षीचा विजेता यंदा शर्यत पुरी करेल, याचीसुद्धा खात्री कोणी देत नाही.

या शर्यतीचं मूळ इतिहासात आहे. इ.स.पूर्व ४९० मध्ये पर्शियाचं सैन्य मॅरेथॉनच्या किनाऱ्यावर उतरलं, तेव्हा अथेन्सनं फिडिपिडीस या जासुदाला मदत मागायला स्पार्टाकडे धाडलं. तो दुसऱ्या दिवशी तिथे पोहोचला, असं हिरोडोटसनं लिहून ठेवलं आहे. खरंच हे शक्य आहे का, हा प्रश्न ब्रिटिश हवाई दलातल्या जॉन फोडन या अधिकाऱ्याला पडला. पुस्तकांत उत्तर शोधत बसण्याऐवजी तो १९८२ च्या ऑक्टोबरात चार सहकाऱ्यांसह स्वतःच धावत सुटला. पाचांपैकी तिघं स्पार्टाला पोहोचले. सगळ्यात आधी आलेल्याला साडेचौतीस तास लागले, फोडनला साडेसदतीस आणि तिसऱ्याला एकोणचाळीस. हिरोडोटसचं म्हणणं पायांनी सिद्ध झालं. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, रीतसर शर्यत सुरू झाली. ती जिंकणाऱ्या यानिस कुरोस या ग्रीक धावपटूनं १९८४ मध्ये २० तास २५ मिनिटांची वेळ नोंदवली आणि हा विक्रम २०२३ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. तो मोडला, तोही एका ग्रीक धावपटूनंच. फोतिस झिसिमोपुलोस १९ तास ५५ मिनिटांत स्पार्टाला पोहोचला.

शर्यतीला मुदत ३६ तासांची. वाटेत ७५ ठाणी आहेत आणि प्रत्येक ठाणं बंद होण्याची वेळ ठरलेली आहे. त्या वेळेपर्यंत पोहोचला नाहीत, तर तिथेच थांबायचं. पहिले ऐंशी किलोमीटर संपतात कोरिंथच्या कालव्यापाशी. सप्टेंबरातल्या ग्रीसचं ऊन, डांबरी रस्ता, बाजूनं जाणारी वाहनं. इथवर साडेनऊ तासांच्या आत यावं लागतं, आणि अनेकांची शर्यत इथेच संपते. त्यानंतर वाट द्राक्षमळ्यांतून नेमियाकडे वळते. तोवर अर्धं अंतर झालेलं असतं आणि संध्याकाळ उतरायला लागते.

मग डोंगर येतो. सुमारे १६० किलोमीटर धावून झाल्यावर पार्थेनियनच्या चढणीचा पायथा लागतो. डांबर संपतं आणि दगडगोट्यांची, वळणावळणाची उभी पायवाट सुरू होते. माथा सुमारे १२०० मीटर उंचीवर. दिवसभर उन्हात भाजलेल्या अंगाला रात्रीचा वारा आता थंड लागतो. याच डोंगरात फिडिपिडीसला पान हा देव भेटला आणि त्यानं अथेन्सकरांबद्दल तक्रार केली, असं हिरोडोटस सांगतो. इतकं धावल्यावर आणि झोप नसताना माणसाला नसलेली माणसं दिसतात, झाडं हलताना वाटतात, हा अनुभव लांब पल्ल्याचे धावपटू आजही सांगतात. त्यामुळे ती जुनी कथा इथे आल्यावर फारशी अविश्वसनीय वाटत नाही. उतारही सोपा नसतो. चढताना दम लागतो, पण उतरताना मांड्यांचे स्नायू पिळून निघतात, आणि त्यांच्याच जोरावर पुढचे पंचाऐंशी किलोमीटर काढायचे असतात.

रॉयस या शर्यतीत आला तो नवखा म्हणून नव्हे. मे २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या स्टीनबर्गनला २४ तासांच्या धावण्याची जागतिक स्पर्धा झाली. युरोपीय अजिंक्यपदाचा निकालही त्याच स्पर्धेतून लागणार होता. रॉयस २५९.९३९ किलोमीटर धावला. जगात तिसरा आला. त्याच्या पुढचे दोघंही अमेरिकेचे असल्यामुळे युरोपीय अजिंक्यपद त्याला मिळालं.

२४ तासांची शर्यत हा प्रकार आपल्याकडच्या वाचकांना कदाचित विचित्र वाटेल. इथे अंतिम रेषा नसते. एक-दोन किलोमीटरच्या बंदिस्त वाटेवर फेऱ्या मारत राहायचं, आणि घड्याळात २४ तास भरेपर्यंत जो जास्त अंतर कापेल तो जिंकतो. डोंगर नाही, देखावा नाही, कुठे पोहोचल्याचं समाधान नाही. तेच वळण, तेच झाड, तेच टेबल. शेवटचा इशारा झाला की धावपटू जिथे असेल तिथे खूण करतात आणि अर्धवट राहिलेली फेरी मोजून घेतात. निकालात किलोमीटरपुढचे तीन आकडे येतात ते त्यामुळे. त्या शेवटच्या मीटरांसाठीही माणसं जीव तोडून धावतात.

एप्रिल २०१५ मध्ये इटलीतल्या तुरिनला रॉयसनं याच प्रकारात २६३.८९९ किलोमीटर पुरे केले आणि तो जगज्जेता झाला. सव्वासहा मॅरेथॉन, एकामागून एक. सरासरी काढली तर दर किलोमीटरला ५ मिनिटं २७ सेकंद पडतात. आपल्याकडे हौसेनं धावणाऱ्या अनेकांना या गतीनं दहा किलोमीटर काढतानाही घाम फुटतो. शिवाय या सरासरीत खाणं, पिणं, नैसर्गिक विधी, बूट बदलणं असं सगळंच धरलेलं आहे. पाच मिनिटं खुर्चीवर टेकलं तर जवळजवळ एक किलोमीटर हातचा गेला. २०१३ च्या अंतराशी ताडून पाहिलं, तर दोन वर्षांत रॉयसनं साधारण चार किलोमीटर वाढवले होते. आकडा लहान दिसतो, पण या स्पर्धांत पदकं तेवढ्यावरच ठरतात. तुरिनलाच कांस्यपदक मिळवणारा ब्रिटनचा रॉबी ब्रिटन त्याच्यामागे तीन किलोमीटरांपेक्षाही कमी अंतरावर होता.

या खेळात फुप्फुसांइतकंच महत्त्व पोटाला आहे. शरीरातला साखरेचा साठा काही तासांत आटतो. मग चालत्या गाडीत कोळसा टाकत राहावा, तसं दर तासाला थोडंथोडं खात राहावं लागतं. पण धावताना रक्त पायांकडे वळलेलं असतं, उन्हानं पोट ढवळत असतं, आणि गोड खाऊन खाऊन जीभ विटलेली असते. पाणी कमी पडलं तर अंग तापतं. नुसतंच पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि ते अधिक धोक्याचं ठरतं. चांगल्या तयारीच्या धावपटूंची शर्यत अनेकदा पायांमुळे नाही, पोटामुळे बुडते. दुसरा शत्रू सुरुवातीचा उत्साह. पहिल्या तीन तासांत अंग हलकं असतं आणि गती आपोआप वाढते. तिथे जो हात आखडता घेतो, त्याच्याकडे पहाटे तीन वाजता देण्यासारखं काही उरलेलं असतं.

तुरिननंतर पाच महिन्यांत रॉयस स्पार्टाच्या वाटेवर उभा राहिला. सपाट वाटेवरच्या फेऱ्यांतून थेट ऊन, डोंगर आणि रात्र. हे दोन प्रकार इतके निराळे आहेत की एकातला राजा दुसऱ्यात सहज गारद होऊ शकतो. त्या दिवशी तो ब्रिटनच्या डॅन लॉसनपेक्षा अर्ध्या तासाहून अधिक आधी पोहोचला. दर किलोमीटरला सरासरी ५ मिनिटं ४१ सेकंद पडली, म्हणजे तुरिनच्या सपाटीपेक्षा फक्त चौदा सेकंद जास्त, आणि तीही वाटेत तो डोंगर धरून. माझ्या मते २०१५ ची खरी कामगिरी या चौदा सेकंदांत दडलेली आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. २०१४ मध्ये त्याला मागे टाकणारा इटलीचा इव्हान कुदिन २२ तास २९ मिनिटांत पोहोचला होता. म्हणजे रॉयसची विजयाची वेळ वर्षभर आधी दुसरा क्रमांकच देऊन गेली असती. पण दरवर्षीचं ऊन वेगळं, वारा वेगळा, सोबत धावणारे वेगळे. त्या दिवशी त्या रस्त्यावर जे उतरले, त्यांच्यात पुढे राहायचं एवढंच हातात असतं, आणि ते त्यानं केलं.

त्याच वर्षी आणखी एक सुंदर योग जुळून आला. तुरिनला महिलांचं विजेतेपद अमेरिकेच्या कॅटलिन नाज हिनं मिळवलं होतं. सप्टेंबरात स्पार्टाला महिलांमध्ये पहिली आली तीही तीच. २४ तासांचे दोन्ही जगज्जेते एकाच वर्षी लिओनिदासच्या पायाशी पहिले पोहोचले.

रॉयसच्या आधीही जर्मन धावपटूंनी इथे ठसा उमटवला होता. येन्स लुकास २००४ आणि २००५ अशी सलग दोन वर्षं जिंकला, आणि २०१२ मध्ये स्टू थोम्स. हे अपघातानं घडलेलं नाही. थुरिंगियाच्या जंगलातल्या डोंगरधारेवरची रेनश्टाइग शर्यत १९७३ पासून, पूर्व जर्मनीच्या काळापासून चालू आहे आणि तिच्यात दरवर्षी हजारो माणसं उतरतात. १९८५ मध्ये जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या धावपटूंनी स्वतःची संघटना उभारली. या संघटनेनं जगभरातल्या अशा शर्यतींचे निकाल गोळा करून ठेवले आहेत, आणि कुठल्याही देशाच्या धावपटूची नोंद पाहायची तर लोक आज तिथेच जातात. ज्या समाजात सत्तराव्या क्रमांकावर आलेल्या माणसाचीही वेळ जपून ठेवली जाते, तिथे पहिल्या क्रमांकाचे धावपटू घडायला वेगळी जमीन शोधावी लागत नाही.

भारतीय नावंही आता या नोंदींत दिसू लागली आहेत. रॉयस जिंकला त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, किरेन डिसूझा स्पार्टाथलॉन पुरी करणारा पहिला भारतीय ठरला. जुलै २०२२ मध्ये बंगळुरूला आशिया-ओशनिया विभागाची २४ तासांची स्पर्धा झाली. तिथे अमरसिंह देवंदा २५७.६१८ किलोमीटर धावला आणि त्यानं वैयक्तिक सुवर्ण मिळवलं. भारतीय पुरुष संघही पहिला आला. देवंदाचं अंतर आणि रॉयसचं तुरिनमधलं अंतर यांत सव्वासहा किलोमीटरांचा फरक आहे.

स्पार्टाथलॉनच्या विजेत्याला रोख बक्षीस मिळत नाही. पुतळ्याच्या पायाला हात लावायचा किंवा तो चुंबायचा, की शर्यत संपली. मग डोक्यावर ऑलिव्हच्या पानांचा मुकुट चढतो आणि गावातली मुलगी युरोटास नदीचं पाणी प्यायला देते. शनिवारी पहाटे सव्वासहाला आलेल्या रॉयसला हे मिळालं. संध्याकाळी सातला मुदत संपायच्या आत जो शेवटचा माणूस लंगडत तिथवर येतो, त्याच्याही हाती तेच पाणी दिलं जातं.