नीतिमत्तेचा पेपर आणि सावित्रीचा पूल

कायद्याची पदवी घेणाऱ्याला व्यावसायिक नीतिमत्ता हा विषय सक्तीने शिकावा लागतो. पुढे त्याने गैरवर्तन केले, तर १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली बार कौन्सिल त्याची सनद काढून घेऊ शकते. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. अभियंत्यांसाठी मात्र असा देशव्यापी कायदा अजूनही नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची आचारसंहिता आहे, पण ती सभासदांपुरती. म्हणूनच कॉलेजात नीतिमत्ता कशी शिकवली जाते, याला महत्त्व आहे.

व्याख्या पाठ करून हा विषय येत नाही. आमच्या वरसे-रोह्याच्या मुलांसाठी धडे रायगड जिल्ह्यातच आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात तपासणी झाली होती व धोका आढळला नव्हता, असे सरकारने नंतर सांगितले. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्येच तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण मेले. बिल्डरबरोबर आरसीसी सल्लागारावरही गुन्हा दाखल झाला. तपासणी म्हणजे काय आणि सहीची जबाबदारी किती, हे वर्गात या प्रकरणांवरून शिकवावे.

घराण्यातला पहिला इंजिनिअर झालेला, डोक्यावर शैक्षणिक कर्ज असलेला मुलगा साहेबासमोर ‘सही करणार नाही’ कसे म्हणणार? त्याला नुसता उपदेश उपयोगाचा नाही. लेखी हरकत कशी घ्यावी, शेरा कुठे नोंदवावा, प्रत का जपावी, हे शिकवले पाहिजे.

बहुतेक आचारसंहिता जनतेची सुरक्षितता सर्वांत वर ठेवतात. मग या जनतेत गटारात उतरणारा माणूस येतो की नाही? २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय धोकादायक गटारसफाईला माणूस लावण्यास बंदी केली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. तरीही माणसे गुदमरून मरतात. गटाराची सफाई यंत्राने व्हावी अशी सोय आराखड्यातच करता येते. तो आराखडा अभियंताच काढतो. हे मृत्यू कुणाचे, हे सांगण्याची गरज आहे काय?

मुंबई-गोवा महामार्गावर, महाडच्या अलीकडे लोणेरे येथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. सावित्रीचा पूल, तारिक गार्डन आणि गटारातील मृत्यू ही तीन प्रकरणे सक्तीने अभ्यासाला लावण्याचा मान त्या विद्यापीठाने घ्यावा.