देशी भिंगाची परदेशवारी

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात बसवल्या जाणाऱ्या कृत्रिम भिंगाचा मधला भाग जेमतेम 6 मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे साधारण हरभऱ्याच्या डाळीएवढा असतो. या एवढ्याशा वस्तूवरून घराघरांत केवढी चर्चा होते! "डॉक्टर, लेन्स इम्पोर्टेडच टाका, पैशाचं आम्ही बघू," असे नातेवाईक मला हमखास सांगतात. हे 'बघू' म्हणजे पुष्कळदा उसनवारी असते, नाहीतर दागिना गहाण टाकणे. म्हणूनच भारत ही भिंगे नुसती आयात करत नाही, तर निर्यातही करतो, हे वाचकांना ठाऊक असणे जरुरीचे आहे.

पूर्वी काय होते?

डोळ्यातील गढूळ झालेले भिंग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया जुनीच आहे. मात्र त्याच्या जागी दुसरे भिंग बसवण्याचा पहिला प्रयोग 1949 साली लंडन येथे डॉ. हॅरॉल्ड रिडले यांनी केला. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या काचेसारख्या प्लॅस्टिकचे कण डोळा सहन करतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग त्यांनी वापरले.

आपल्याकडे हा लाभ सामान्य माणसापर्यंत पोहोचायला बरीच वर्षे लागली. तोवर शस्त्रक्रियेनंतर अंदाजे 'प्लस दहा' नंबरचा जाड चष्मा मिळे. त्यातून वस्तू सुमारे पाव पट मोठी दिसे आणि बाजूचे दिसतच नसे. पायरीचा अंदाज चुके आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा! अडचण किमतीची होती. परदेशी भिंग 100 डॉलरच्या आसपास, म्हणजे त्यावेळच्या दराने अडीच-तीन हजार रुपयांना पडे. शेतमजुराला ते कसे परवडणार?

मदुराईची वाट

तामिळनाडूतील मदुराई येथे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी 1976 साली 11 खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. याच संस्थेने 1992 साली 'ऑरोलॅब' हा भिंगांचा कारखाना काढला. तेथे भिंगाची किंमत 10 डॉलरच्या घरात आली आणि पुढे आणखी उतरली. 1994 पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू निवारणाचा मोठा प्रकल्प राबवला गेला आणि सरकारी शस्त्रक्रियांतही भिंग बसवणे रूढ होत गेले.

या कारखान्याची भिंगे आज शंभराहून अधिक देशांत जातात. कारण सरळ आहे. बड्या परदेशी कंपन्यांचे लक्ष श्रीमंत देशांकडे होते. आशिया-आफ्रिकेतील गरीब देशांत मात्र आपल्यासारखीच स्थिती होती : रुग्ण उदंड, डॉक्टर थोडे आणि पैसा नाही. तेथील सेवाभावी संस्थांना आणि सरकारी रुग्णालयांना हजारोंच्या संख्येने स्वस्त भिंगे हवी होती. नेपाळमधील काठमांडू आणि आफ्रिकेतील एरिट्रियाची राजधानी अस्मारा येथेही ऑस्ट्रेलियाचे डॉ. फ्रेड हॉलोज यांच्या संस्थेच्या मदतीने 1990च्या दशकात असेच कारखाने उभे राहिले.

तथापि नुसत्या स्वस्ताईवर निर्यात होत नाही. भिंग जन्मभर डोळ्यात राहणारे असते. त्याचा नंबर अचूक हवा, कडा गुळगुळीत हव्यात आणि ते पूर्ण निर्जंतुक हवे. युरोपात विक्रीसाठी 'सीई' ही खूण मिळवावी लागते, ती आपल्या भिंगांनी मिळवली आहे.

सर्वच उपकरणांत आपली अशी प्रगती नाही. सीटी स्कॅन, एमआरआय अशी मोठी यंत्रे आजही बहुतांशी बाहेरून येतात. भिंगाला वीज लागत नाही आणि दुरुस्तीही नाही. मोठ्या यंत्राला स्थिर वीजपुरवठा, सुटे भाग आणि जवळपास मिळणारा तंत्रज्ञ हवा. ही सोय न करता विकलेले यंत्र आच्छादनाखाली पडून राहते. विकसनशील देशांत उपकरणे विकू पाहणाऱ्या आपल्या उद्योजकांनीही हा धडा लक्षात ठेवावा.

रुग्णांनी काय पाहावे?

भिंग कोणत्या देशाचे, यापेक्षा कोणत्या प्रकारचे, हे विचारा. साध्या भिंगाने बहुधा लांबचे स्पष्ट दिसते आणि वाचायला चष्मा लागतो. डोळ्याला तिरका नंबर असल्यास 'टॉरिक' भिंगाचा उपयोग होतो. 'मल्टिफोकल' भिंगाने चष्म्याची गरज कमी होते, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. रात्री गाडी चालवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

2005 पासून ही भिंगे औषध कायद्याच्या कक्षेत आहेत. वेष्टनावर परवाना क्रमांक, भिंगाचा नंबर, बॅच, मुदत आणि छापील किंमत असते. वेष्टनातील चिकटपट्टी आपल्या कार्डावर लावून घ्या व कार्ड जपून ठेवा.

शस्त्रक्रियेचे यश भिंगाच्या किमतीवर नव्हे, तर भिंगाच्या नंबरासाठी केलेली मोजणी, स्वच्छता, डॉक्टरांचे कौशल्य आणि डोळ्याच्या पडद्याचे आरोग्य यांवर अवलंबून असते. मधुमेह असल्यास पडदा आधी तपासून घ्यावा. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी सरकारी रुग्णालयात चौकशी करावी, तेथे भिंगासह शस्त्रक्रिया मोफत होते. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नये. शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा दिसणे कमी झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.