नव्या वर्षाची धाव आणि मागील तीस दिवस

नववर्षाच्या पहिल्या आठवड्यात पहाटे कोणत्याही मोठ्या शहरातील उद्यानात जावे, तर धावणाऱ्यांमध्ये कितीतरी नवे चेहरे दिसतात. कोलकात्याचे मैदान असो, बंगळूरचे कब्बन पार्क असो की दादरचे शिवाजी पार्क, जानेवारीतील ही गर्दी महाशिवरात्रीपर्यंत बरीच ओसरलेली असते. याचे खापर सहसा आळसावर फोडले जाते. वास्तविक, अनेकांच्या बाबतीत आळस मागाहून येतो. आधी येते ती नडगीची, टाचेची किंवा गुडघ्याची दुखापत.

याचे मूळ शरीराच्या घडणीत आहे. धावू लागल्यावर हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच नव्या कामाला सरावतात. धाप कमी लागते, हुरूप वाढतो. हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे स्नायुबंध यांची चाल मात्र संथ असते. हाडाच्या एखाद्या सूक्ष्म भागातील झिजलेला अंश निघून तेथे नवी भर पूर्ण होण्यास तीन-चार महिने लागू शकतात. परिणामी, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम साथ देतो, पण पाय अद्याप तयार नसतात, आणि नेमका याच सुमारास धावणारा अंतर वाढवतो.

मग अंतर वाढवावे तरी किती? आठवड्याचे एकूण अंतर दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असा नियम धावपटूंच्या वर्तुळात वर्षानुवर्षे सांगितला जातो. नियम सुटसुटीत आहे, परंतु त्याचा आधार वाटतो तितका भक्कम नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे ५३२ नवोदित धावकांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. हळूहळू अंतर वाढविणारा गट आणि नेहमीच्या पद्धतीने सराव करणारा गट यांच्या दुखापतींच्या प्रमाणात फरक आढळला नाही. दोन्हींकडे साधारण पाचांपैकी एक जण जायबंदी झाला.

पुढे २०२५ मध्ये डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे ५,२०० धावकांच्या घड्याळांतील नोंदी तपासल्या, तेव्हा निराळीच बाब पुढे आली. दुखापतीचा संबंध आठवड्याच्या बेरजेपेक्षा एखाद्या दिवशी मारलेल्या उडीशी अधिक होता. मागील तीस दिवसांत जी सर्वांत लांब धाव झाली असेल, तिच्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक अंतर एकाच दिवशी धावणाऱ्यांना धोका लक्षणीय वाढलेला दिसला. ज्यांनी अंतर दुपटीहून अधिक केले, त्यांना तो सर्वाधिक होता.

नववर्षाचा बेत आखताना हे ‘मागील तीस दिवस’ फार महत्त्वाचे. डिसेंबरात कधीतरी पाच किलोमीटर धावलेल्या व्यक्तीने जानेवारीच्या आरंभी साडेपाचवर थांबावे. गेल्या वर्षी दहा किलोमीटरची शर्यत पूर्ण केली, पण महिनाभर केवळ चालणेच झाले, अशांची धावण्याची जमा शून्य समजावी. बँकेच्या खतावणीत मागील शिल्लक पुढे ओढली जाते. पायांच्या खतावणीत ती सोय नाही. जानेवारीत होणारी मुंबई मॅरेथॉन २००४ पासून अनेकांना प्रेरणा देत आली आहे. मात्र दूरदर्शन संचासमोर बसून ती पाहावी आणि दुसऱ्याच दिवशी मित्रांसमवेत लांबचा पल्ला गाठावा, हा प्रकार पायांना मानवत नाही.

शून्यापासून आरंभ करणाऱ्यांनी एक मिनिट हळू धावावे, दोन मिनिटे चालावे आणि असे वीस-पंचवीस मिनिटे करावे. आठवड्यातून तीन दिवस, तेही एक दिवसाआड, पुरेसे आहेत. वेग किती असावा, हे जाणण्यास उपकरण लागत नाही. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले म्हणजे वेग योग्य. शब्द तुटू लागले की तो अधिक झाला. ही साधी कसोटी बहुतेक जण पहिल्या दिवशीच अपमानास्पद मानून मोडतात!

जोड्यांविषयी मतभेद बरेच आहेत. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनमध्ये ११ वे आलेले भारताचे शिवनाथ सिंह अनवाणी धावण्यासाठी ख्यात होते. परंतु त्यामागे वर्षांचा सराव होता, हे विसरू नये. सर्वसामान्यांनी पायाला सैल वा घट्ट न होणारे, आरामदायी जोडे घ्यावेत. कपाटात दोन-तीन पावसाळे पडून राहिलेल्या जोड्यांचा तळ कडक झालेला किंवा सुटू लागलेला असतो. तो आधी पाहावा.

बदलीमुळे उत्तर भारतात गेलेल्यांसाठी आणखी एक विचार आहे. दिल्लीसारख्या शहरात जानेवारीची पहाट धुक्याची व दूषित हवेची असते. तेथे पहाटेचा आग्रह सोडून, हवा गुणवत्ता निर्देशांक पाहून ऊन वर आल्यावर बाहेर पडावे. निर्देशांक वाईट असेल तर घरातच व्यायाम करावा. मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी, तसेच चाळिशीनंतर प्रथमच धावणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय आरंभ करू नये. धावताना छातीत दाब जाणवल्यास वा भोवळ आल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

बँक कर्मचाऱ्यांची खरी परीक्षा मार्चअखेरीस होते. वार्षिक हिशेबांच्या धांदलीत दोन-तीन आठवडे जोडे बाहेर निघत नाहीत, आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी फेब्रुवारीतीलच अंतर पुन्हा गाठण्याचा मोह होतो. त्याऐवजी मार्चमध्ये आठवड्यातून एकदा, अवघी पंधरा मिनिटे का होईना, धाव घेत राहावी आणि तिची नोंद दिनदर्शिकेत करावी. एप्रिलमध्ये किती अंतरापासून पुढे जायचे, हे त्या नोंदीवरूनच ठरवता येईल.