कोपऱ्यातला फडा काय सांगतो?

मैत्रिणींनो, जालना असो की अंबड-परतूर, आपल्या घरातल्या वस्तू बोलतात. दारात चपला दिसल्या की ताई घरात आहेत, हे विचारावं लागत नाही. किल्ल्यांचा जुडगा सासूबाईंच्या कमरेवरून सुनेकडे आला, की कारभार कुणाचा ते कळतं. आणि फडा? ती तर लक्ष्मी! चुकून पाय लागला तर आपण नमस्कार करतो, लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहतो.

सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनाही वस्तूंची ही बोली ठाऊक होती. सॅम्युएल व्हॅन होखस्ट्राटन याने १६५५ ते १६६२ च्या दरम्यान काढलेलं ‘चपला’ हे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. चित्रात माणूसच नाही! उघड्या दाराला लटकलेल्या किल्ल्या, भिंतीला टेकवलेला झाडू, मिटलेलं पुस्तक, विझलेली मेणबत्ती आणि वाटेतच काढलेल्या चपला. तिकडे झाडू म्हणजे घराची स्वच्छता अन् बाईचं शीलही. म्हणून बरेच जाणकार अर्थ लावतात, की घरची बाई कामं टाकून प्रियकराकडे गेली असावी.

हे वाचलं आणि मी थबकलेच. बाईने झाडू ठेवला की ती बिघडली? दमून जरा आडवी झाली असेल, शेजारणीकडे गेली असेल, असं कुणाच्या मनात येत नाही का? आपल्याकडे तरी काय वेगळं! भांडी तशीच ठेवून दुपारी पुस्तक हातात घेतलं, की ‘आज काम नाही वाटतं?’ हे ऐकावंच लागतं.

फड्याला आपण लक्ष्मी म्हणतो. मग तो धरणारा हात कुणाचा? त्यालाही तासभर टेकू द्या की!