गुणाकार कधी करावा?

दोन घटना स्वतंत्र आहेत का, हे अंदाजाने ठरवू नये. आकडेमोड करून तपासावे. दोन्ही एकत्र घडण्याची संभाव्यता त्यांच्या वेगवेगळ्या संभाव्यतांच्या गुणाकाराइतकी भरली, तरच त्या स्वतंत्र.

पत्त्यांच्या ५२ पानांतून एक ओढा. ते बदाम असण्याची संभाव्यता १/४, एक्का असण्याची १/१३, बदामाचा एक्का असण्याची १/५२. गुणाकार जुळला. आता इस्पिकची राणी आधीच बाजूला काढा. उरलेल्या ५१ पानांत गुणाकार येतो १३/५१ × ४/५१, म्हणजे ५२/२६०१. प्रत्यक्षात संभाव्यता १/५१, म्हणजे ५१/२६०१. फरक केसाएवढा, पण घटना स्वतंत्र राहिल्या नाहीत! काढलेले पान ना बदामाचे होते, ना एक्का.

एकाच वेळी घडूच न शकणाऱ्या घटनांनाही अनेक विद्यार्थी स्वतंत्र म्हणतात. एक घडली की दुसरी बादच होते. याहून घट्ट संबंध कोणता?

न तपासता घटना स्वतंत्र धरण्याची चूक कोर्टातही झाली आहे. १९९९मध्ये इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क यांच्यावर स्वतःच्या दोन तान्ह्या मुलांच्या खुनाचा खटला चालला. त्यांच्यासारख्या कुटुंबात आकस्मिक बालमृत्यूची शक्यता ८,५४३ मध्ये एक, असे सांगून तज्ज्ञ साक्षीदार डॉ. रॉय मेडो यांनी त्या आकड्याचा वर्ग केला: सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. पण सख्ख्या भावंडांची आनुवंशिकता आणि घर सारखेच असते. तिथे हा गुणाकार लावायला आधारच नव्हता. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१मध्ये त्यावर जाहीर आक्षेप घेतला. २००३मध्ये, मुख्यतः बचाव पक्षाला न दाखवलेल्या वैद्यकीय चाचण्यांमुळे, शिक्षा रद्द झाली. तोवर त्या माउलीने तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता.