सहा तासांत वीस बंदुका

लढाईत पाय गमावलेल्या शिपायाने पुढे जगायचं कसं? सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये तो एखाद्या मठाच्या आश्रयाला जाई, नाहीतर पॅरिसच्या रस्त्यावर हात पसरी. १६७० मध्ये चौदाव्या लुई राजाने अशा शिपायांसाठी घर बांधायचा हुकूम काढला. तेच पॅरिसचं 'अँव्हालिद'. १६७४ मध्ये पहिले रहिवासी आत आले. वास्तुकार लिबेराल ब्रुआँने उभारलेली ही वास्तू म्हणजे एक नगरच होतं: चौकांमागून चौक, भोजनशाळा, रुग्णालय, चर्च. ज्यांचे हात चालत ते जोडे शिवत, काही जण तर प्रार्थनेच्या पोथ्या रंगवत! लंगड्या-थोट्या सैनिकांच्या बोटांतून उतरलेली ती नक्षी मला राजवाड्यांहून मोलाची वाटते.

पण खरी थक्क करणारी गोष्ट १७८९ सालची. इथल्या तळघरात तीसेक हजार बंदुका होत्या. पॅरिस पेटलेलं, बंदुका लोकांच्या हाती पडू नयेत म्हणून त्या निकामी करायचं काम इथल्याच वीस म्हाताऱ्या सैनिकांना सांगण्यात आलं. सेनापती बेझांव्हालने आठवणींत लिहिलंय, की सहा तासांत त्यांनी जेमतेम वीस बंदुका निकामी केल्या. म्हणजे माणशी एक! हात थकले असतील, असं मला मुळीच वाटत नाही. त्यांचं मन जनतेकडे होतं.

१४ जुलैला सकाळी जमावाने त्या बंदुका नेल्या. दारू मात्र बास्तीय किल्ल्यात होती, म्हणून लोक तिकडे वळले. आणि किल्ला राखायला कोण होतं? ३२ स्विस शिपाई आणि ८२ 'अँव्हालिद', म्हणजे असेच लढाईतून निकामी होऊन आलेले जुने सैनिक. फ्रेंच राज्यक्रांतीच्या पहिल्या दिवशी बंदुका आल्या त्यांच्या घरातून, आणि तटावरही तेच उभे! किल्लेदार दारूचा साठा उडवून द्यायला निघाला, तेव्हा त्याला अडवलं तेही त्यांच्यातल्याच दोघांनी.

आज पर्यटकांची रीघ लागते ती १७०६ मध्ये पुरा झालेल्या सोनेरी घुमटाखाली, नेपोलियनच्या कबरीपाशी. त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं, की त्याच आवारात जखमी सैनिकांचं घर आणि रुग्णालय साडेतीनशे वर्षांनंतरही चालू आहे. आता तिथे दहशतवादी हल्ल्यांत जखमी झालेल्या सामान्य नागरिकांवरही उपचार होतात.